बाथरूमचा नळ, किचनचा नळ आणि अकरा निऑन टेट्रा

(भाग २३. कानात इअरफोन घालायची सोय नाही, पीएमटीत उभे आहात, पण वाचू शकता, अशा मंडळींसाठी हा लेखी मजकूर. बोलण्यातले "अं" आणि "म्हणजे" शक्य तेवढे काढलेत. सगळे निघालेले नाहीत.)

मागून जो बुडबुड आवाज येतोय ना, तो माइकचा दोष नाहीये. तो माझ्या टँकचा स्पंज फिल्टर आहे. बंद करता आला असता, पण आजचा भागच त्याच्यावर आहे, तर राहू दे म्हटलं.

मागच्या महिन्यात मी स्टोरीला टँकचा फोटो टाकला आणि त्यावर सगळ्यात जास्त आलेला मेसेज होता, "माझे मासे आठ दिवसांत मरतात, तुझे कसे जगतात?" खरं उत्तर असं आहे की माझे पण मेले. अकरा. सगळे एका रात्रीत. आणि त्यांना मीच मारलं, चांगलं करायला जाऊन. ती गोष्ट आधी सांगते, कारण मला जे काही कळलं ते त्यातूनच कळलं.

मी कात्रजला राहते, मैत्रिणीबरोबर, वन बीएचके भाड्याने. दोन वर्षांपूर्वी दोन फुटी टँक घेतला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गणित केलं तर साधारण ५६ लिटर होतात, पण वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी ४५ ते ५० लिटरच बसतं. रील बघून ठरवलं होतं की निऑन टेट्राच आणायचे. निळी पट्टी, खाली लाल, हिरव्या झाडांतून एका दिशेने जाणारे. टँक दुपारी भरला, मासे संध्याकाळी सोडले. दुकानदार काका म्हणाले, "थेंब टाका, क्लोरीन जाईल, बास." थेंब टाकले.

पाच दिवस सगळं छान. सहाव्या दिवशी पाणी जरा गढूळ दिसायला लागलं. म्हटलं, बिचारे घाणीत आहेत, अर्धं पाणी बदलू. टँक बाथरूमच्या दाराजवळ आहे, म्हणून बादली बाथरूमच्या नळाखाली लावली. थेंब टाकले, पाणी ओतलं, झोपले. सकाळी अकराच्या अकरा मासे तळाशी. माझी रूममेट म्हणाली, "अगं, पण काल तर तू स्वच्छ पाणी घातलंस!"

तेच तर. स्वच्छ होतं. पण वेगळं होतं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहतात. त्यांना सांगायला गेले तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुठल्या नळाचं घातलंस?" पुण्यात, विशेषतः आमच्या भागात, ज्या सोसायट्यांमध्ये बोअर आहे तिथे ही व्यवस्था तुम्हाला माहीत असेल. किचनच्या एका नळाला धरणाचं पाणी, प्यायला. बाथरूमला बोअरचं, नाहीतर टँकरचं. काकू म्हणाल्या, "त्या पाण्याने माझ्या बादल्यांना पांढरे थर बसतात, डाळ शिजत नाही, आणि तू मासे ठेवतेस?"

डाळ शिजत नाही! केमिस्ट्रीच्या पुस्तकात जे मी दहावीला घोकलं होतं, "दुष्फेन पाणी", ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं.

आता नेमकं झालं काय, ते नीट ऐका, कारण नव्या टँकमध्ये मासे मरण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये स्पंजवर, वाळूवर, झाडांच्या पानांवर जिवाणू असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी सुसह्य, आणि ते झाडं पण खातात. पण हे जिवाणू हळू वाढतात. चार ते सहा आठवडे लागतात. माझा टँक सहा दिवसांचा होता. म्हणजे सहा दिवसांचा सगळा अमोनिया पाण्यातच साचलेला.

मग मासे पाच दिवस जगले कसे? इथे गंमत आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे फारसं त्रास देत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुठलं रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. तेच पीएच ८ झालं की पाच टक्क्यांच्या वर. जवळजवळ दहापट! धरणाच्या पाण्यात माझे मासे कसेबसे तग धरून होते. मी अर्धी बादली-बादली करून बोअरचं अल्कधर्मी पाणी ओतलं, पीएच चढला, आणि तोच साचलेला अमोनिया रातोरात विष झाला. मी विष बाहेरून टाकलं नव्हतं. आत होतं ते जागं केलं.

बोअरचं पाणी असं का असतं? आपण बसाल्टवर राहतो ना. सह्याद्रीचा हा काळा कातळ. पाणी त्याच्या भेगांमधून वर्षानुवर्षं मुरतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट विरघळवून घेतं. खडकवासल्याचं पाणी म्हणजे घाटातला पाऊस, धरणात अडवलेला. ते मऊ. माझ्याकडचा टीडीएस मीटर, तोच, वॉटर प्युरिफायरवाला माणूस दाखवतो तो, किचनच्या नळाला ऐंशीच्या आसपास दाखवतो आणि बाथरूमच्या नळाला पाचशेच्या पुढे. एकाच घरात, मध्ये एक भिंत. टीडीएस म्हणजे नेमका कठीणपणा नाही हं, त्यात सगळेच क्षार आले. पण दोन पाण्यांत फरक किती, हे कळायला तो पुरेसा आहे.

एक आगाऊ टिप्पणी करते. पुणे शहराला पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, नळाने पाणी मिळालं ते कात्रजच्या तळ्यातून. इथून जमिनीखालून बांधीव नळ काढून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी नेलं होतं. आणि आज आम्ही कात्रजकर गुरुवारी पाणी बंद असलं की टँकरची वाट बघतो. असो.

तर पहिली गोष्ट काय ठरली? मासा निवडायच्या आधी नळ निवडा. जे पाणी तुम्हाला दर आठवड्याला, न चुकता, पुरेसं मिळणार आहे, ते तुमच्या टँकचं पाणी. प्यायचं पाणी मोजकंच येत असेल, गुरुवारी बंद, शुक्रवारी कमी दाबाने, तर टँक त्यावर चालवायचा हट्ट धरू नका. आरओचं पाणी नुसतं वापरू नका, त्यातून लागणारे क्षारही निघून गेलेले असतात, आणि एक लिटर मिळवायला किती वाया जातं ते तुम्ही बघताच.

माझं उत्तर आलं: बोअर. मग प्रश्न उलटा झाला. "निऑन कसे जगवू" हा प्रश्नच सोडून दिला. या पाण्यात कोण आनंदाने राहील?

निऑन टेट्रा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या पश्चिम खोऱ्यातला. तिथलं पाणी मऊ, आम्लधर्मी, पडलेल्या पानांनी चहासारखं झालेलं. आज दुकानात येतात ते बहुतेक शेतीवर वाढवलेले, त्यामुळे थोडं चालवून घेतात, पण बोअरचं पाणी त्यांना मानवत नाही. शिवाय त्यांना २२ अंशांच्या खाली आवडत नाही, आणि पुण्याच्या डिसेंबरात माझी खोली पहाटे १८ ला जाते.

मग मी आणले झेब्रा डॅनिओ. हो, तेच, स्वस्तातले, ज्यांच्याकडे दुकानात कुणी बघत नाही. अंगावर निळ्या पट्ट्या, दीड इंचाचे. हा आपला मासा आहे, भारतीय उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. ओढे, डबकी, भातखाचरं, कालव्याच्या कडा, अशा ठिकाणी राहणारा. पावसाळ्यात पाणी गढूळ, हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात गरम, हे सगळं त्याच्या रक्तात आहे. हीटर नको, कठीण पाणी चालतं. आणि गंमत म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांना तो याच सोशिकपणासाठी आवडतो. २०१३ साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा जोडीदार या माशात सापडतो. त्याचं हृदय जखमी झालं तर ते पुन्हा वाढवतो. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत यावर काम चालतं. आणि आपण त्याला "फिलर फिश" म्हणतो.

बारा आणले. यावेळी सहा आठवडे थांबून. रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाकत होते, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून. रूममेट म्हणायची, "तू भुताला जेवायला घालतेस का गं?" थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं, मगच मासे आणले. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज पिळून घ्या, वेळ बराच वाचतो. तो काळपट गाळ म्हणजे विरजण समजा.

आता बाराच का? हा प्रश्न दुकानात रोज होतो. "दोन निळे द्या, दोन लाल द्या, दोन पिवळे." भाजी घेतल्यासारखं. हे जे थव्याने राहणारे लहान मासे आहेत ना, त्यांना दोनमध्ये ठेवणं म्हणजे अन्याय आहे, आणि मी हे भावनेने म्हणत नाहीये. थवा हे त्यांचं संरक्षण आहे. मोठा मासा झडप घालतो तेव्हा सारखे दिसणारे वीस मासे एकदम वळले की त्याला एकावर नेम धरता येत नाही. शेजाऱ्याची हालचाल ते डोळ्यांनी टिपतात, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते, पार्श्वरेखा, तिने पाण्यातले धक्के टिपतात. ज्याच्या आजूबाजूला कुणी नाही त्या माशाचा मेंदू एकच निष्कर्ष काढतो: बाकीचे खाल्ले गेले, आता माझा नंबर. मग तो कोपऱ्यात लपतो, रंग उडतो, खात नाही.

आणि दुसरी बाजू. डॅनिओ "शांत" मासा म्हणून विकला जातो, पण चार ठेवलेत तर त्यांच्यात दादागिरी सुरू होते. एक जण राजा होतो आणि सगळ्यात दुबळ्याला दिवसभर पळवतो. दहा-बारा असले की तो राग वाटला जातो. कुणा एकालाच सगळा मार बसत नाही. कमीत कमी सहा, जागा असेल तर दहा. चार जातींचे तीन-तीन ठेवण्यापेक्षा एका जातीचे बारा ठेवा. दिसायला पण तेच सुंदर दिसतं, खरंच.

एक गोष्ट मात्र रीलमध्ये दिसते तशी होत नाही. मासे दिवसभर एका ओळीत पोहत नाहीत. त्यांना सुरक्षित वाटलं की ते विखुरतात, आपापलं काहीतरी टोचत फिरतात. जोराने दार लागलं की क्षणात एकत्र. त्यामुळे तुमचे मासे सतत घट्ट गोळा करून असतील तर फोटो छान येईल, पण ते घाबरलेले आहेत. आणि झाकण ठेवा. डॅनिओ उडी मारतात. मी एक फ्रीजखालून उचललाय.

खाणं थोडं आणि दोनदा. या कुळातल्या माशांना जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. साठवायला जागा नाही, म्हणून एकदम ढीग टाकला तर अर्धं तसंच बाहेर, आणि बाहेर म्हणजे पुन्हा अमोनिया. मिनिटभरात संपेल इतकंच.

झाडांकडे येऊ. इथे मी सगळ्यात जास्त पैसे वाया घालवलेत. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर, लाल पानांची झाडं, खास माती, सगळं बघून झालं. शेवटी टिकलं काय? हायड्रिला. आठवतं? शाळेतला प्रयोग! चंचुपात्र, उलटं नरसाळं, वर परीक्षानळी, आणि उन्हात ठेवलं की ऑक्सिजनचे बुडबुडे. तीच ती. आणि तिच्या जोडीला वॅलिसनेरिया, लांब फितीसारखी पानं, तीही भारतात ठिकठिकाणी तळ्यांत वाढते. या दोघींचं वैशिष्ट्य ऐका. बहुतेक पाणवनस्पतींना पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लागतो. या दोघी बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेऊ शकतात. म्हणजे काकूंच्या बादलीला थर बसवणारं जे काही आहे, त्यातलंच या झाडांचं जेवण होतं. सिलेंडर विकून टाकला.

हायड्रिला इतकी वाढते की दर रविवारी कात्री लावावी लागते. वाढणारं झाड अमोनिया आणि नायट्रेट शोषतं, त्यामुळे ती कापलेली जुडी म्हणजे टँकमधून बाहेर काढलेली घाण. लाइट दिवसाला सहा-सात तास, टायमर लावून. टँक खिडकीत ठेवू नका, हिरवं शेवाळ काच झाकून टाकतं. पाणी आठवड्याला पाव टँक बदलायचं, एकदम अर्धं नाही, आणि नेहमी त्याच नळाचं. लाइट गेली की घाबरू नका, पण पाच-सहा तास होत आले तर तांब्याने पाणी वरून ओतत राहा, हवा मिसळते.

आता काही जण विचारतील, मग सरळ इथल्याच ओढ्यातले मासे आणले तर? आहेत ना. आपल्या नद्यांमध्ये रासबोरा आहेत, मोठा डॅनिओ आहे, काळा ठिपका असलेला टिक्टो बार्ब आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात दख्खनच्या माशांची नोंद केली आणि शास्त्रीय नावं देताना आपल्याच लोकांनी सांगितलेली नावं वापरली. खुदरी, कोलूस, पोटईल. ती आजही जगभर लॅटिनच्या थाटात लिहिली जातात. टिक्टो दुकानात मिळाला तर जरूर ठेवा, आठच्या गटात, कमी असले तर दुसऱ्यांचे पर कुरतडतो. पण ओढ्यातून जाळीने पकडून आणू नका. सह्याद्रीतल्या काही माशांचा सगळा संसार एक-दोन नद्यांपुरता असतो. केरळचा डेनिसन बार्ब बघा, लाल रेघेचा, दुकानात "रोझलाइन शार्क" म्हणून मिळतो. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी पकडून पकडून आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. तसाही तो हाताच्या बोटांपेक्षा मोठा होतो, दोन फुटी टँक त्याचा नाहीच.

आणि आता उलटा प्रवास. यासाठी मी खरं तर हा भाग केला.

आमच्या भागात कॉलेजची मुलं खूप. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, मग रूम बदल. कपडे बॅगेत, गादी टेम्पोत, आणि टँक? मागच्या वर्षी शेजारच्या फ्लॅटमधली मुलं निघाली तेव्हा त्यांच्याकडे एक सकर होता. काच साफ करतो म्हणून बोटाएवढा आणलेला, तो फूटभर झाला होता. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "कात्रजच्या तळ्यात सोडतो, मोकळा होईल बिचारा." मला तेव्हा काही सुचलं नाही. खरं सांगू, मला ते बरंच वाटलं. मी स्वतः त्यांना पिशवी दिली.

नंतर नकाशा उघडून बसले. कात्रजचं तळं भरलं की पाणी आंबिल ओढ्यात जातं. तोच ओढा, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ज्याला पूर आला आणि माणसं गेली. ओढा जातो मुठेत. मुठा मुळेत, मुळा-मुठा भीमेत, आणि भीमा उजनीत. म्हणजे तळ्यात सोडलेला मासा तळ्यात राहतो, हा आपला समज. एक जोराचा पाऊस, की त्याला थेट सोलापूर जिल्ह्यापर्यंत रस्ता मोकळा. उजनीत सकर जाळ्यात सापडतात. दक्षिण अमेरिकेतला मासा, अंगावर हाडांचं चिलखत आणि काटे, खायला कुणी घेत नाही, जाळं मात्र फाडतो. भिगवणला जाऊन चिलापी खाता ना? ती सुद्धा आफ्रिकेतून आलेली. आता ती आपली झाली, हे खरं, पण तिच्या आधी त्या पाण्यात जे होतं त्यातलं किती उरलं, हे तिथल्या जुन्या मासेमाऱ्यांना विचारा.

गप्पी लहान आहे, निरुपद्रवी आहे, म्हणून सोडला, असंही करू नका. डासांच्या अळ्यांसाठी बंद टाकीत किंवा हौदात गप्पी सोडणं वेगळं आणि ओढ्यात सोडणं वेगळं. डॅनिओसुद्धा नाही. दुकानात वाढलेल्या माशाबरोबर आजार जातात, आणि सोडलेला मासा बहुधा चार दिवसांत बगळ्याच्या पोटात जातो. हायड्रिलाची कापलेली जुडीसुद्धा ओढ्यात टाकू नका, उन्हात वाळवून कुंडीत घाला. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते पुलावरून रोज दिसतं.

मग करायचं काय? मासे घेतानाच दुकानात विचारा, "परत घेणार का?" बरेच जण घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आणि जो मासा फूटभर होणार आहे तो अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर आणू नका.

माझं अ‍ॅग्रीमेंट मे महिन्यात संपतंय. मला नोकरीसाठी हिंजवडीला जायचंय, तिथे पाणी कुठलं मिळेल कुणास ठाऊक. मागच्या आठवड्यात काकू चहाला वर आल्या होत्या. टँकसमोर खुर्ची ओढून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "हे इथेच ठेवून जा गं. मी बघीन." मी म्हटलं, "काकू, दर रविवारी पाणी बदलावं लागतं हं." तर म्हणाल्या, "बदलीन. पण किचनचं एक थेंब देणार नाही, सांगून ठेवते."

मी म्हटलं, नकोच देऊ.

चला मंडळी, आज इतकंच. तुमच्या घरात कुठल्या नळाला कुठलं पाणी येतं आणि टँकमध्ये कोण आहे, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू.